देवामागची भिंत

मी आयुष्यात एकाच माणसावर मनापासून जळलो. बाकीच्यांवर जळलो नाही असं नाही. माझ्या आधी पर्मनंट झालेल्या सहकाऱ्यावर जळलो, पुण्यात फ्लॅट घेणाऱ्या मेव्हण्यावर जळलो. पण ते आपलं रोजचं, चहाबरोबर येणारं आणि चहाबरोबर जाणारं. हा एक मात्र माझ्या पोटात कायमचा वस्तीला आला. त्याला कसलं बक्षीस मिळालं नव्हतं, पेपरात त्याचा फोटो छापून आला नव्हता, कोणी त्याला शाल-श्रीफळ दिलं नव्हतं. त्याने फक्त माझ्या काकीच्या घरातली एक भिंत रंगवली होती. ती भिंत किती चांगली होती हे सगळ्या वाडीत एकट्या मला कळलं होतं, आणि दुखणं नेमकं तेच होतं.

आमची वाडी आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. तो आणि मी एका वर्गात, एका बाकावर. त्याचे वडील होडीवर, माझे रापणीला, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. दोघांच्याही घरात मासळीचाच वास. एलिमेंटरीच्या सराव परीक्षेत स्मरणचित्राला सगळ्यांनी बाजार, जत्रा, असलं काहीबाही काढलं. याने नुसता ओल्या वाळूचा पट्टा काढला आणि त्यावर पावलं. "माणसं कुठे आहेत?" असं सरांनी विचारलं. "गेली," असं हा म्हणाला. वर्गात हशा पिकला आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली, त्याला सी. ते सर्टिफिकेट माझ्या आईने फ्रेम करून लावलं, अजून आहे.

नववीनंतर त्याने शाळा सोडली आणि तो होड्या रंगवायला लागला. मी कोल्हापुरात राहून चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला आणि १९९२ साली मालवणच्या एका हायस्कुलात ड्रॉइंगचा मास्तर म्हणून चिकटलो. तेव्हापासून वाडीत माझं नावच मास्तर पडलं. तोही मला अरे-तुरे करत मास्तरच म्हणायचा. मला वाटायचं, थट्टा करतो. त्याला थट्टा करायची सवयच नव्हती, हे मला माहीत असूनही वाटायचं.

होड्या रंगवणं म्हणजे काय, याकडे मी तेव्हा फार वरून बघत असे. पावसाळाभर झावळ्यांच्या छपराखाली ठेवलेल्या होड्या नारळी पौर्णिमेच्या आधी उघड्या पडायच्या. त्या खरवडायच्या, प्रायमर लावायचा, मग ऑईलपेंट. होडीच्या पोटावरून पाण्याची रेघ जाते, तिच्याखाली एक रंग आणि वर दुसरा. ती रेघ तो दोरी न धरता मारायचा. एका टोकाला उभा राहून डोळे बारीक करायचा आणि चालत चालत दुसऱ्या टोकाला जायचा, हाताखालून रेघ निघत जायची. मी फळ्यावरसुद्धा पट्टी लावणारा माणूस. तरी मी स्वतःला बजावून ठेवलं होतं की हे कसब आहे, कला नव्हे. कोल्हापुरात आम्हाला हा फरक परीक्षेला यायचा.

कलेचा इतिहास हा माझा हातखंडा विषय. त्यात आधुनिक कलेच्या धड्यात एक चित्र होतं: पांढऱ्यावर काळा चौकोन. बस्स. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला रशियातल्या एका चित्रकाराने काढलेलं. आमच्या पुस्तकात ते पोस्टाच्या तिकिटाएवढं छापलं होतं आणि शाई उतरल्यामुळे चौकोन करडा दिसायचा. वर्गात आम्ही सगळे हसलो होतो. हे तर माझ्या धाकट्या भावालाही येईल, असं कोणीतरी म्हणालं. मग सरांनी उत्तर लिहून दिलं आणि मी ते घोकलं: या चित्राने चित्रकला विषयाच्या ओझ्यातून मुक्त झाली, चित्र कशाचं तरी असावं लागतं ही समजूत मोडली, चित्र हीच एक वस्तू झाली, पुढच्या साऱ्या अमूर्त कलेची वाट इथून फुटली. त्याच काळात दुसऱ्या देशांतले आणखी दोघे-चौघे चित्रकार याच वाटेवर होते आणि पहिला कोण यावरून भांडणं झाली. काहींनी म्हणे आपल्या चित्रांवर मागची सालं घातली. एवढा एक भाग मला पाठ करावा लागला नाही, तो आपोआप लक्षात राहिला.

पैकीच्या पैकी मार्क पडले. पण त्या चौकोनात मला काही दिसलं का, असं कोणी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? पालथ्या घड्यावर पाणी. मात्र त्या चित्राबद्दल बोलायला मला फार आवडायचं, कारण आमच्या भागात त्याच्याबद्दल बोलू शकणारा दुसरा कोणी नव्हता. कोल्हापूर सोडताना जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात तो चौकोन अख्ख्या पानावर होता आणि शेजारी त्याच्या पहिल्या प्रदर्शनाचा जुना फोटो.

एका रविवारी तो माझ्या पडवीत आला होता, कसलीशी शिडी मागायला. मी जेवत होतो. हात धुऊन बाहेर आलो तर तो ते पुस्तक मांडीवर घेऊन बसलेला, नखांत निळा रंग.

"ह्या कसला रे?" त्याने विचारलं.

"चित्र," मी म्हटलं, आणि तो हसण्याची वाट बघत राहिलो. माझं उत्तर तोंडावर तयार होतं.

तो हसला नाही. पान उजेडाकडे तिरकं धरून म्हणाला, "ह्यो चौकोन सरळ नाय. बघ, हंय वायच खाली इलो हा. हातान काढल्यान, पट्टी लावूक नाय."

मी पुस्तक घेऊन बघितलं. खरंच, कडा सरळ नव्हत्या. इतकी वर्षं त्या चित्रावर बोलत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग त्याने प्रदर्शनाच्या फोटोवर बोट ठेवलं. बाकीची चित्रं भिंतींवर आणि हे एकटं वर, दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात, छताला टेकून. "ह्या वर कित्याक लावल्यान?"

मी सांगितलं की त्यांच्या देशात घराच्या वरच्या कोपऱ्यात देवांच्या तसबिरी ठेवायची पद्धत होती, घरात शिरणारा आधी तिकडे बघून नमस्कार करायचा. याने नेमका तिथे आपला चौकोन टांगला. लोक चिडले, बरेचसे हसले.

"म्हणजे तेना देव काढल्यान आणि थंय ह्या लावल्यान, असा लोकांका वाटला."

"तसाच तर आसा ता," मी म्हटलं.

त्याने फोटो पुन्हा उजेडाकडे धरला. मग म्हणाला, "नाय. देव काढूक नाय. देवाची जागा तेवढी दाखवल्यान."

आणि शिडी घेऊन गेला. माझ्या चार पानी उत्तरात हे वाक्य नव्हतं. मी आत जाऊन माझ्या वह्या काढून बघितल्या, सरांच्या नोट्समध्येही नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा राग आला. मी तो पित्तावर घातला.

त्यानंतर वर्षभर मी स्वतः अमूर्त चित्रं काढली. चौकोन काढले, त्रिकोण काढले, वर्तुळं एकमेकांत घुसवली. तीन कॅनव्हास मुंबईच्या एका प्रदर्शनाला पाठवले आणि ते तिन्ही गोणपाटात बांधलेले जसेच्या तसे एसटीच्या पार्सलने परत आले. त्यावरची गाठ माझीच होती, कोणी ती धड सोडलेलीही दिसत नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी म्हणालो, मुंबईवाल्यांना कोकणातला माणूस नकोच असतो. बायकोने ते कॅनव्हास माळ्यावर टाकले.

आता भिंतीचं सांगतो. आमच्याकडे चवथीला गणपती बसतो त्याच्या मागची भिंत दर वर्षी नव्याने रंगवतात. आधी जुनं चित्र पुसून चुना मारायचा, मग त्यावर नवं चित्र: शंकर-पार्वती, शेषावर पहुडलेला विष्णू, कमळांच्या तळ्यात राजहंस, नाहीतर दोन माडांमधून उगवणारा सूर्य. त्याच्यापुढे देव आणि देवाच्या डोक्यावर फळाफुलांनी, रानवेलींनी बांधलेली माटवी. मी मास्तर झाल्यापासून वाडीतल्या सात-आठ भिंती माझ्या. खडूची पूड, सरस आणि सुटे रंग पाण्यात कालवून मी त्या रंगवायचो. आमच्या साऱ्या भावकीचा एकच गणपती आणि तो काकीच्या घरी, त्यामुळे काकीची भिंत सगळ्यात मानाची. माझे चुलते वारलेले, चुलतभाऊ मुंबईला. काकी एकटी राहायची, पण चवथीला तिच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. भजनाला आलेला माणूस आधी देवाला हात जोडायचा आणि मग मान वर करून म्हणायचा, "मास्तरान औंदा काय काढल्यान?" त्या एका प्रश्नावर मी वर्ष काढायचो.

२००० साली चवथीच्या तोंडावर मला ओरोसला कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं. आठ दिवस. काकी घाबरली, भिंत राहील म्हणून. तिने त्याला बोलावलं आणि सांगितलं, तुला काय सुचेल ते कर, पण वेळेत कर. मी शनिवारी परत शाळेत हजर झालो तर अर्ध्या दिवसाच्या सुट्टीच्या वेळी हा फाटकाशी उभा. खांद्यावर पिशवी, पिशवीत ब्रश. देवगडला दोन ट्रॉलर रंगवायचे म्हणून एसटी पकडायला निघाला होता.

"काकीची भिंत पुरी झाली," तो म्हणाला. "येवन बघ. तुका समाजतला."

मला अजून आठवतं, "तुका समाजतला" म्हणताना तो चक्क लाजला होता. त्या पुस्तकातलं पान मी त्याला दाखवलं होतं, म्हणून ती भिंत आधी मी बघावी असं त्याला वाटत होतं. काकी त्या वेळी बाजारात होती, तिला तो काही न सांगताच निघाला होता.

मी सायकलवरून सरळ काकीकडे गेलो. माजघरात शिरलो आणि उंबऱ्यातच थांबलो.

भिंतीवर एक काळा पट होता. भिंतभर नव्हे, चारी बाजूंनी चुन्याची पांढरी कड सोडलेली, तीही सारखी नाही. डावी बाजू किंचित कललेली, वाळूवर ओढून ठेवलेली होडी उभी असते तितकीच. जवळ गेलो तर काळा काळा राहिला नाही, आत गर्द हिरवा निघाला. खिडकीचा उजेड तिरका पडला तिथे त्याच्याही खालून तांबूस काहीतरी येत होतं. त्याने जुने चुन्याचे पापुद्रे पार दगडापर्यंत खरवडले होते, तांबडा प्रायमर घातला होता, त्यावर होडीच्या पोटाचा ऑईलपेंट, पातळ करून, हातावर हात देऊन. ते कुठल्याही पुस्तकातलं चित्र नव्हतं. माजघर एकदम खोल वाटत होतं, भिंत मागे सरकून गेल्यासारखं. खाली गणपतीचा चौरंग रिकामा होता, आणि तिथे देव बसला की काय होईल हे मला उभ्या उभ्या दिसलं. माझ्या शंकर-पार्वतीपुढे आमचा गणपती गर्दीत हरवल्यासारखा दिसायचा. इथे तो एकटा बसणार होता.

मी पाणी न पिता तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. आनंद झाला का? झाला, अगदी क्षणभर. मग नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं. मी चार वर्षं शिकलो होतो, मी पुस्तकं वाचली होती, मी तीन कॅनव्हास नासवले होते. आणि याने होड्यांचे उरलेले डबे आणून तीन दिवसांत हे करून ठेवलं आणि एसटी पकडून गेला. हा देवगडात जेवत असेल, असंही मनात आलं, आणि तेवढ्यावरूनसुद्धा राग आला.

काकी आली. डोकीवरची टोपली उतरवून तिने भिंतीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बघ रे झिला, नुसतो काळो रंग मारून ठेवल्यान आणि गेलो तो. चवथ चार दिवसांर इली. आता देव काय काळ्या भिंतीक बसवू?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं, काकी, हे चित्र पुरं आहे. समजलं नसतं तरी तिने ऐकलं असतं, माझ्या शब्दाला तिच्याकडे तेवढी किंमत होती. वाडीनेही ऐकलं असतं. मास्तर सांगतो म्हणजे असेल बाबा काहीतरी. दोन दिवस कुजबुज झाली असती आणि तिसऱ्या दिवशी लोकांनी देवाकडे नीट बघितलं असतं.

"अस्तर ता, काकी, चित्राखालचो पयलो हात," मी म्हटलं. "तेना अस्तर घालून दिल्यान. चित्र मी करतंय पुरा."

काकीचा जीव भांड्यात पडला. तिने मला चहा दिला आणि चहाबरोबर शेवेचा लाडू.

दीड दिवसात मी कैलास उभा केला. खडूची पांढरी दोन हातांत सगळीकडे मारली, त्यावर निळं आकाश, बर्फाचे डोंगर, शंकर, पार्वती, नंदी. घाईत होतो तरी शंकराचा अभयाचा हात छान जमला. रंगवताना मी शीळ घालत होतो, हे मला काकीनेच नंतर सांगितलं.

चवथीच्या दिवशी तो भजनकऱ्यांबरोबर आला. दारातून आत आला, देवाकडे बघितलं, मग देवाच्या डोक्यावरून भिंतीकडे. मी मुद्दाम पेटीवाल्याच्या मागे जाऊन बसलो होतो. त्याने हात जोडले, आरतीला टाळ वाजवला, मोदक खाल्ला. निघताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "शंकराचो हात बरो इलो." टोमणा असता तर मी झेलला असता. तो हात खरंच बरा आला होता, म्हणून तो तसं म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी शंकराचा गाल पडला. देवापुढच्या दुर्वांत निळा-पांढरा पापुद्रा येऊन पडला आणि वर शंकराच्या तोंडावर काळं भोक दिसायला लागलं. दुपारपर्यंत आकाशाला भेगा गेल्या, सगळीकडून तो काळा डोकावायला लागला. मी स्टुलावर चढून वाटीतल्या रंगाने भोकं बुजवत होतो, तेवढ्यात तो परसातले चार नारळ देवापुढे ठेवायला आला.

"ता धरूचा नाय," तो म्हणाला. "ऑईलपेंटार सरसाचो रंग खंय धरता?"

"हवा दमट आसा," मी म्हटलं.

त्याने दुर्वांतला पापुद्रा उचलून तळहातावर घेतला. "काकी सांगत होती, तू तेका अस्तर म्हटलंस."

मी भोक बुजवत राहिलो.

"ऑईलपेंटाचा अस्तर कोण घालता रे, मास्तर?"

एवढंच. आवाज चढवला नाही. कोणताही रंगारी, अगदी नवशिकासुद्धा, सरसाच्या रंगाखाली ऑईलपेंट घालत नाही; तो टिकत नाही हे मी स्वतः आठवीच्या वर्गाला शिकवायचो. म्हणजे मला ते अस्तर वाटलं असेल ही शक्यताच नव्हती. त्याने तो पापुद्रा खिडकीत ठेवला आणि काकीकडे चहा मागायला आत गेला. त्याने मला एखादी शिवी हासडली असती तर आमचं भांडण झालं असतं, कोणीतरी मिटवलं असतं, दोन वर्षांत आम्ही हसलोही असतो. पण तो पूर्वीसारखाच वागत राहिला. भेटला की मास्तरच म्हणायचा.

पुढच्या वर्षी चवथीआधी मी भिंत पुसायला घेतली. बादलीत पाणी, फडका, आणि खरवडायला पत्रा. फडका फिरवला तशी पार्वती गेली, नंदी गेला, कैलास पाण्याबरोबर खाली वाहून आला. आणि तो पट जसाच्या तसा समोर उभा राहिला. एक ओरखडा नाही. उलट वर्षभर झाकून राहिल्याने रंग मुरला होता. मी पत्रा हातात धरून उभा राहिलो. ऑईलपेंट खरवडून, परत चुना मारून रीतसर भिंत तयार करायची, हे मला करायचं होतं. मला ते करवलं नाही. तसाच ठेवून काकीला हाक मारायची, हेही करवलं नाही. मी दाराला कडी घातली, सकाळभर त्याच्यापुढे बसलो, आणि दुपारी त्यावर पुन्हा खडूची पांढरी मारली.

असं मी दर वर्षी केलं. "चित्र पुरा होयसर कोणी बघूचा नाय," असा मी काकीच्या घरात नियमच करून टाकला. एक सकाळ ती भिंत माझी असायची. दर वर्षी मी तिच्यात काहीतरी चूक शोधायला बसायचो आणि सापडायची नाही. दर वर्षी ठरवायचो, यंदा ठेवायचा. मग वाटायचं, एकदा हा दिसला की मग "मास्तरान औंदा काय काढल्यान" असं कोण विचारणार? आणि दर वर्षी पाचव्या दिवशी माझं चित्र झडायचं. वाडीत तेही एक म्हणणं होऊन बसलं. कोणाचं काम टिकलं नाही की लोक म्हणायचे, "मास्तराच्या शंकरासारख्या झाला." हळूहळू बाकीच्या घरांनी भिंती माझ्याकडून काढून घेतल्या, शहरातून छापील पडदे आणले. काकीची तेवढी राहिली. पत्र्याने अर्ध्या दिवसात खरवडता आली असती अशी गोष्ट, तिच्यापायी मी माझं नाव घालवलं. मत्सर माणसाला हुशार करतो असं कोणी म्हणत असेल तर त्याने माझ्याकडे बघावं.

त्याचंही काम कमी होत गेलं. फायबरच्या होड्या आल्या, त्या रंग घेऊनच येतात. तो अधूनमधून बांद्याला जाऊन ट्रकचे फाळके रंगवायचा. चवथीला मात्र न चुकता यायचा, आणि पहिल्या दिवशी नव्हे, पाचव्या दिवशी. मला वाटायचं, माझी फजिती बघायला येतो.

२००९ च्या मे महिन्यात चुलतभावांनी घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं. काकीचं सामान मागच्या खोपीत नेलं, देव आमच्याकडे आणले. कौलं उतरवली त्या सकाळी मी फडका-बादली घेऊन माजघरात गेलो आणि मागच्या चवथीचा शेषशायी विष्णू धुऊन टाकला. मग त्याच्या घरी गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्या दारात उभा होतो. "काकीकडे चल," एवढंच म्हटलं.

छप्पर नव्हतं. त्या भिंतीवर जन्मात पहिल्यांदा ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात काळा पट अगदी हिरवा झाला होता, तांबूस झाक कडेने चमकत होती. काकी पाठोपाठ आली, म्हणाली, "ह्यो तेचोच काळो मां? अजून गेलो नाय?" आणि कामगारांना चहा द्यायला निघून गेली.

तो उंबऱ्यात थांबला होता, मी थांबलो होतो तिथेच. मी नऊ वर्षं जमवलेलं सगळं बोलायला लागलो. अस्तर नाही हे मला माहीत होतं, पहिल्या क्षणापासून माहीत होतं, मी जळत होतो, अजून जळतो.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "दर वर्षी तुझो रंग झडता, मगे माका समाजता, खाली ता आसा. म्हणान पाचव्या दिवशी येतंय." मग थांबून म्हणाला, "मी वाट बघत होतंय. एका वर्साक तरी तू फडको मारून ता तसाच ठेवशीत."

"तू कित्याक बोलाक नाय?"

"काकी तुझी. भिंत तुझी." तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "पण देव म्होरे बसल्यार ता कसा दिसता, ता काय माका बघूक गावला नाय."

मी तो पट नऊ वेळा पाहिला होता, त्याने केला त्या तीन दिवसांनंतर आज पहिल्यांदा. आणि देव पुढे बसलेला तर कोणीच पाहिला नव्हता. ज्यासाठी त्याने तो केला होता तेवढं एक मी होऊ दिलं नव्हतं. बाहेर कामगार चहा संपवून पहारी उचलत होते.

"वायच बस थंय," तो म्हणाला.

"खंय?"

त्याने भिंतीच्या पायथ्याशी बोट दाखवलं, चौरंग असायचा त्या ओट्यावर. देवाच्या जागेवर बसू नये, हे आम्हाला चालायला लागायच्या आधी शिकवलेलं. मी मागे वळून काकी बघत नाही ना ते पाहिलं आणि ओट्यावर पाय दुमडून बसलो, भिंतीकडे पाठ करून. पाठीला तिची ऊब लागत होती. मला आता फक्त तो दिसत होता. तो चार पावलं मागे गेला, डोळे बारीक केले, होडीपुढे करायचा तसेच. बराच वेळ तो बघत होता. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी माझ्या कुठल्या चित्रापुढे कोणाच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं, आणि देवाच्या जागेवर बसूनसुद्धा मला त्याचा हेवा वाटला.

"बरा दिसता," तो म्हणाला. मग हाताने खूण केली. "आता वायच बाजूक सर. जागा बघतंय."

मी सरलो.